लाडवात तेल नको, बी घाला

इंदुरातल्याच एका सुनेचा प्रश्न आला आहे. सासरे ६८ वर्षांचे. रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलेलं निघालं, डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि तूप-लोणी कमी करायला सांगितलं. बाबांना दोन्ही जेवणांनंतर गोडाचा घास लागतो. तो बंद केला की त्यांचं जेवणावरूनच मन उडतं. म्हणून तिनं तुपाऐवजी सूर्यफुलाचं तेल घालून बेसनाचे लाडू केले. वळताना ठीक होते, पण तासाभरात ताटात पसरले आणि चवीलाही तेलकट लागले. आता ती विचारते: अळशी, बदाम, खोबरेल, ऑलिव्ह तेल, ॲव्होकाडो यांतलं घरच्या गोडात काय घालावं, किती घालावं, आणि तूप पूर्णच काढता येईल का?

मी गेली २८ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि जे सांगते ते आधी माझ्या कढईत करून पाहते. तुमचे लाडू का बसले ते आधी सांगते, कारण बाकीचं बरंचसं उत्तर त्यातूनच निघतं. साजूक तूप थंड झालं की थिजतं. त्यातला ६० टक्क्यांहून जास्त भाग संतृप्त स्निग्धाचा (सॅच्युरेटेड फॅटचा) असतो, आणि थिजणं हा त्याचा स्वभाव. बेसनाचा कण न् कण तुपात भिजतो, आणि तूप थिजलं की तेच कणांना एकमेकांशी धरून ठेवतं. सूर्यफुलाचं तेल मात्र आपल्या इंदूरच्या जानेवारीतसुद्धा पातळच राहतं. मग लाडवाला धरून ठेवणार कोण? जे पातळ राहणारं असंतृप्त स्निग्ध बाबांसाठी बरं, तेच लाडवाला उभं राहू देत नाही.

यातून वाट एकच, आणि ती आपल्या आज्यांना ठाऊक होती. तेल बाटलीतून घालायचं नाही, बियांतून घालायचं. शेंगदाणा, बदाम, तीळ यांच्यातलं तेल मोकळं नसतं. ते प्रथिनांत आणि चोथ्यात धरलेलं असतं. दाण्याचा कूट आणि गूळ मिक्सरमध्ये दोन-चार वेळा फिरवला की तेल सुटतं आणि तुपाचा थेंबही न घालता लाडू वळले जातात. उपासाला आपण हे कायम करतो. त्याला कोणी ‘हेल्दी’ म्हणत नाही इतकंच.

दुसरी गोष्ट हिशेबाची, आणि इथे चांगल्या-चांगल्या घरांत चूक होते. बियांतलं स्निग्ध तुपाच्या *ऐवजी* घालायचं, तुपाच्या *वर* नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायका अभिमानानं सांगतात, ‘ताई, आम्ही लाडवात बदाम, अक्रोड, अळशी सगळं घालतो.’ मी विचारते, तूप किती कमी केलं? तेवढंच असतं. बदामाच्या वजनाचा निम्मा भाग स्निग्ध असतो, तिळाचाही जवळपास तितकाच, अक्रोडाचा तर दोन तृतीयांश. ग्रॅमला ९ उष्मांक हा दर तुपालाही तोच आणि बदामातल्या स्निग्धालाही तोच. म्हणजे १०० ग्रॅम बदाम घातले की साधारण ५० ग्रॅम तूप पातेल्यातून बाहेर काढायचं. हा एक हिशेब पाठ झाला की कुठलीही जुनी पाककृती तुम्हाला स्वतःलाच बदलता येईल.

बेसनाच्या लाडवांचं माझं प्रमाण देते. नेहमीचं असतं २५० ग्रॅम बेसन, १२५ ग्रॅम तूप, २०० ग्रॅम पिठीसाखर. साधारण २० लाडू. मी घेते २५० ग्रॅम जाडसर बेसन, ६० ग्रॅम तूप, १२० ग्रॅम भाजलेल्या बदामाचा किंवा शेंगदाण्याचा लगदा आणि १५० ग्रॅम पिठीसाखर. लाडू तितकेच होतात. लगदा करायला दाणे मंद आचेवर खरपूस भाजायचे, सालं काढायची आणि कोमट असतानाच मिक्सरला लावायचे. आधी कूट होतो, मग गोळे धरतात, मग अचानक चकाकी येते आणि ते पातळ व्हायला लागतं. तिथे थांबायचं. शेंगदाण्याला तीन-चार मिनिटं पुरतात, बदामाला जास्त लागतात आणि मधेमधे मिक्सर थंड होऊ द्यावा लागतो.

बेसन भाजताना सगळं ६० ग्रॅम तूप सुरुवातीलाच घाला. तूप कमी असल्यामुळे पीठ कोरडं दिसेल, कढईला लागतंय असं वाटेल आणि हात आपोआप तुपाच्या भांड्याकडे जाईल. जाऊ देऊ नका. जाड बुडाची कढई, अगदी मंद आच आणि अर्धा-पाऊण तास धीर. तुमच्या लाडवांची चव बिघडली त्यात तेलाइतकाच हात घाईचा असावा, अशी मला शंका आहे. बेसनाचा वास घरभर सुटला की गॅस बंद करा, पीठ कोमट झालं की लगदा मळून घ्या, आणि पूर्ण निवल्यावरच साखर आणि वेलची. लगदा आचेवर घालायचा नाही. बदाम करपला की कडवट होतो आणि तो कडवटपणा मग कशानंच झाकत नाही.

यातून काय साधलं? आधीच्या एका लाडवात सहा ग्रॅमच्या वर तूप होतं, म्हणजे जवळपास ४ ग्रॅम संतृप्त स्निग्ध. नव्या लाडवात बदामाचं धरूनही ते २ ग्रॅमच्या आसपास येतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की दिवसभराच्या उष्मांकांपैकी संतृप्त स्निग्धातून १० टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नयेत. १८०० उष्मांक खाणाऱ्या माणसाला ती मर्यादा होते २० ग्रॅम. चहाच्या दुधापासून भाजीच्या तेलापर्यंत सगळं त्यातच बसवायचं. दिवसाला दोन लाडू खाणाऱ्या माणसाचे ४ ग्रॅम वाचणं ही लहान गोष्ट नाही. पण लाडवातले उष्मांक फारसे कमी झालेले नाहीत, हेही तितकंच खरं. बदलली ती स्निग्धाची जात. संतृप्त स्निग्धाच्या जागी असंतृप्त आलं की एलडीएल उतरतं, हे पक्कं आहे. वजन उतरवायचं असेल तर लाडू लहान करावा लागेल. दुसरा उपाय नाही. साखरेचंही तसंच. बदाम घातल्यानं साखर निरुपद्रवी होत नाही.

बदाम की शेंगदाणा, असं विचाराल तर अख्ख्या घाण्यात पडणाऱ्या चार ग्रॅम संतृप्त स्निग्धाच्या फरकासाठी खिसा रिकामा करू नका. बदामातल्या स्निग्धात संतृप्त भाग दहावा हिस्सासुद्धा नसतो, शेंगदाण्यातल्या स्निग्धात सहावा-सातवा. दोन्ही तुपापेक्षा कितीतरी बरे. मी घरी निम्मे-निम्मे घेते. शेंगदाण्यांत मात्र सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे निवडून फेका. बुरशीतलं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही.

आता खोबरेलाबद्दल. ते झाडाचं आहे म्हणून हृदयाला चांगलं, असं हल्ली सगळीकडे ऐकू येतं. खोबरेल तेलात संतृप्त स्निग्धाचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर असतं, म्हणजे तुपापेक्षाही जास्त. म्हणून तर ते हिवाळ्यात बाटलीत गोठतं. एलडीएल वाढलेल्या माणसाच्या गोडात तूप काढून खोबरेल घालणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. खोबऱ्याच्या वड्या बाबांना द्यायच्याच नाहीत असं मी म्हणत नाही. सुक्या खोबऱ्यात सुमारे दोन तृतीयांश स्निग्ध आहे आणि ते बहुतेक संतृप्त आहे, एवढं लक्षात ठेवून द्या.

आणि झाडाचं म्हणजे चांगलं, हे खरं असतं तर वनस्पती तूप सगळ्यांत चांगलं ठरलं असतं. त्याच्या तर नावातच वनस्पती आहे! तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट केलं जायचं आणि त्यात ट्रान्स स्निग्ध तयार व्हायचं, जे एलडीएल वाढवतं आणि चांगलं एचडीएल उतरवतं. जानेवारी २०२२ पासून भारतात तेल-तुपातल्या अशा स्निग्धावर २ टक्क्यांची मर्यादा आली, ते फार बरं झालं. पण घट्टपणा कुठूनतरी आणावाच लागतो, म्हणून आता पामतेलाचा वापर खूप आहे, आणि त्यातलं जवळपास निम्मं स्निग्ध संतृप्त. बाहेरून आणलेल्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असलं तरी भुलू नका. वनस्पतीच्या कुठल्याच तेलात कोलेस्टेरॉल नसतं. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा आणि संतृप्त स्निग्धाचा आकडा बघा.

अळशीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ती सगळ्यांत गुणाची आणि सगळ्यांत नाजूक. आपल्या मध्य प्रदेशात ती पिकते. सियागंजात किंवा मारोठिया बाजारात ‘अलसी’ म्हणून मागा, स्वस्तात मिळेल. तिच्यातल्या स्निग्धाचा निम्म्याहून जास्त भाग अल्फा लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा ३. एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम पूड घेतली तर त्यातून दीड ग्रॅमच्या वर ते मिळतं. माशांत असतं त्या प्रकारच्या ओमेगा ३ मध्ये आपलं शरीर त्यातला थोडाच भाग बदलू शकतं, पण शाकाहारी घरात तेवढंही मोलाचं.

अख्खी अळशी लाडवात टाकू नका. तिचं कवच इतकं टणक आणि गुळगुळीत असतं की दाताखालून निसटलेला दाणा जसाच्या तसा बाहेर पडतो. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायची, निवू द्यायची, मग दळायची. भाजल्यानं उग्र वास जातो आणि कच्च्या अळशीतली सायनाइड तयार करणारी द्रव्यंही कमी होतात. पूड पाण्यात भिजली की बुळबुळीत होते, म्हणून खिरीत, शिऱ्यात किंवा श्रीखंडात ती कधीच घालू नका. घरातली माणसं एका चमच्यात ओळखतात आणि पुन्हा त्या वाटीला हात लावत नाहीत. तिची जागा कोरड्या गोडात: तिळाच्या वडीत, दाण्याच्या लाडवात, कणकेच्या लाडवात. तिळाच्या वडीत मी तीन वाट्या तिळाला एक वाटी अळशीची भरड घेते. त्यापुढे गेलं की कडवट झाक येते. अळशीचं तेल मात्र गोडधोडात कशालाच वापरू नका, ते आच सोसत नाही.

हा नाजूकपणा मी स्वतः चुकून शिकले. एका मे महिन्यात मी अळशी आणि अक्रोड घालून दोन किलो लाडू करून ठेवले. १२व्या दिवशी डबा उघडला तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. सगळे टाकले. ओमेगा ३ जितकं जास्त, तितकं ते हवेनं आणि उष्णतेनं लवकर खवट होतं, हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण माळव्यातला ४२ अंशांचा उन्हाळा हिशेबात धरला नव्हता. तेव्हापासून अळशी दळते ती आठवड्यापुरतीच, काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये. अक्रोडही फ्रीजमध्ये. तिळाचं तसं नाही. त्याच्यात तेलाला खवट होण्यापासून राखणारी स्वतःचीच द्रव्यं असतात, म्हणून संक्रांतीच्या वड्या बाहेर महिनाभर चांगल्या राहतात.

माळव्यात राहून खसखस विसरणं म्हणजे पाप. नीमच-मंदसौरच्या बाजूला सरकारी परवान्यानं अफूची शेती होते आणि त्याच बोंडांतलं बी म्हणजे ही खसखस. नशा बोंडाच्या चिकात, बियांत नाही. तिच्यातलं स्निग्ध बहुतेक असंतृप्त. रात्रभर भिजवून, बारीक वाटून केलेली खसखशीची खीर इतकी दाट होते की आटवलेल्या दुधाची गरज उरत नाही. साय काढलेलं दूध चालतं आणि बाबांना त्यातला फरक कळणार नाही. महाग आहे, पण चार माणसांना पाव वाटी पुरते. फक्त दुबई, सौदी किंवा सिंगापूरला असलेल्या नातलगांना खसखस घातलेले लाडू-अनारसे पाठवू नका. तिथे तिच्यावर बंदी आहे आणि उगाच माणूस अडचणीत येतो.

श्रीखंडात चक्क्याची स्वतःची मलई असतेच. साय काढलेल्या दुधाच्या दह्याचा चक्का जरा रवाळ आणि आंबट लागतो. माणशी आठ-दहा बदाम भिजवून, सोलून, अगदी गंधासारखे वाटून त्यात फेटले की तो गुळगुळीत होतो. वरून चारोळी हवीच. तीही आपल्याच प्रदेशाच्या जंगलांतली.

करंजीचं सारण म्हणजे खोबरं, तीळ, खसखस. मी निम्मं खोबरं काढून तेवढाच तीळ-खसखस वाढवते. मोहन कडकडीत तेलाचं चालतं, करंजी उलट जास्त कुरकुरीत होते. पण साट्याच्या करंज्या किंवा चिरोटे असतील तर साट्याला तूपच लागतं. पदर सुटतात ते घट्ट तुपामुळे, तेल कणकेत शिरून पदर चिकटवून टाकतं. तिथे अदलाबदल करू नका. वर्षातून एकदा करता, चार खा.

सत्यनारायणाच्या शिऱ्यालाही हात लावू नका. सव्वाच्या मापाचा तो प्रसाद आहे. एक मूद घ्यावी आणि थांबावं. रोजचा शिरा असेल तर रवा कोरडाच १० ते १२ मिनिटं भाजा, शेवटी एक चमचा तूप वासापुरतं, आणि उकळतं दूध-पाणी घालून वाफ आली की भिजवलेल्या बदामांची पेस्ट. तूप कमी असलं की गुठळ्या होतात, म्हणून पाणी बेतानं आणि ढवळत घाला.

केक हे एकच गोड असं की जिथे बाटलीतलं तेल खरंच शोभतं. लोण्यात साधारण ८० टक्केच स्निग्ध असतं, बाकी बहुतेक पाणी. म्हणून १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम तेल आणि एक मोठा चमचा दूध. लोणी फेटल्यावर जशी हवा धरतं तशी तेल धरत नाही, तेव्हा दही आणि खायचा सोडा यांवर फुगवटा सोपवा. घाण्याच्या शेंगदाणा तेलाला वास असतो. खजुराच्या किंवा चॉकलेटच्या केकमध्ये तो छान मिसळतो, व्हॅनिलात खटकतो. अंडं नको असेल तर एका अंड्यासाठी एक मोठा चमचा अळशीची पूड तीन मोठे चमचे पाण्यात १० मिनिटं भिजवा. खिरीत नडणारा बुळबुळीतपणा इथे उपयोगी पडतो.

ऑलिव्ह तेल संत्र्याच्या रवा केकमध्ये चांगलं लागतं, आपल्या मिठायांत नाही. ॲव्होकाडो चांगलं फळ आहे, पण त्यात जेमतेम १५ टक्के स्निग्ध असतं आणि एका फळाच्या पैशांत आपल्याकडे बरेच शेंगदाणे येतात. हौस म्हणून आणा, गरज म्हणून नको.

तूप पूर्ण काढता येईल का, या प्रश्नाचं उत्तर: येईल, दाण्याच्या आणि तिळाच्या गोडांत. बेसन, रवा, पुरणपोळी यांत मी काढणार नाही. त्या वासावर बाबांची पिढी वाढली आहे. पुरणपोळीवर मोजून एक छोटा चमचा गरम तूप घाला, पातळ असलं की तेवढंच पोळीभर पसरतं.

मात्र फक्त लाडवाकडे बघून चालणार नाही. आपल्या गावात दाल-बाफल्याचा बेत असला की बाफला, म्हणजे कणकेचा उकडून भाजलेला गोळा, तुपात बुडवूनच निघतो. त्या दिवशी गोड वगळा. आणि पोह्यांवर, आमटीत, येता-जाता मूठभर खाल्ली जाणारी शेव मोजा. पुष्कळ घरांत लाडवापेक्षा जास्त तेल तिच्यातूनच पोटात जातं.

गोळी स्वतःहून कमी करू नका, बंद तर नाहीच. बाबा रक्त पातळ करण्याचं औषध घेत असतील तर रोजची अळशी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. सुरुवात एका छोट्या चमच्यानं करा आणि पाणी भरपूर प्यायला लावा, नाहीतर पोट गच्च होतं. पुढच्या तपासणीला जाताना रोज काय खाल्लं याची वही सोबत न्या.

या रविवारी बेसनाचा पाव किलोचाच घाणा करा, निम्मा बदामाच्या लगद्याचा आणि निम्मा शेंगदाण्याच्या. कुठला कशाचा हे बाबांना सांगू नका. दोन्ही वाट्या समोर ठेवा आणि त्यांचा हात दुसऱ्यांदा कुठे जातो ते बघा. तेच प्रमाण दिवाळीला धरा.